पिकअपच्या हौद्यात सरकता फ्रिज : बसवतानाच्या नोंदी

गाडी इसुझू व्ही-क्रॉस, मागे हौद्यावर फायबरची कॅनोपी, म्हणजे बंद टप. हौद्याचं कंपनीचं माप १४८५ × १५३० × ४६५. फ्रिज १२ व्होल्टचा, कॉम्प्रेसरवाला, ४५ लिटरचा. ६९० लांब, ४०० रुंद, ४७५ उंच, रिकामा १९ किलो. जिथे वेगळं लिहिलेलं नाही तिथे माप मिलिमीटरमध्ये आहे. फ्रिज हौद्यात नुसता ठेवला तर कॅनोपीत झाकण पुरतं उघडत नाही आणि तळातली वस्तू काढायला फाळक्यावर गुडघे टेकून आत शिरावं लागतं. म्हणून चॅनलवर (ड्रॉवरला असतात तशा सरकपट्ट्यांवर) सरकणारा ट्रे. तयार सांगाडा विकत मिळतो, पण किमतीचा आकडा पाहून घरीच करायचं ठरलं. चार दिवसांचं काम धरलं होतं, दहा दिवस गेले.

१६ नोव्हेंबर : जागा

पुठ्ठ्याच्या खोक्यातून फ्रिजच्या मापाचा डमी केला आणि हौद्यात चार ठिकाणी ठेवून पाहिला. हा अर्धा तास अजिबात वाचवू नका.

फ्रिज डाव्या अंगाला घेतला. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते. उजवीकडे ट्रे काढला तर माणूस वाहतुकीत उभा राहतो. फाळका उघडल्यावर तो मध्ये येतो, त्यामुळे फ्रिजपर्यंत मागून हात पोचत नाही, बाजूनेच पोचतो. म्हणून झाकणाची बिजागरी उजवीकडे आणि उघडणारी कड डावीकडे.

कॉम्प्रेसरच्या जाळ्या फ्रिजच्या एका टोकाला आहेत. ते टोक केबिनकडे ठेवलं आणि पुढे १२० मोकळी जागा राखली. ती जागा सामानाने भरू नये म्हणून नंतर आडवा पाइप लावला, कारण मोकळी दिसली की तिथे पहिली पिशवी जातेच.

उंचीचं गणित आत्ताच करून घ्या. हौद्याचा तळ जमिनीपासून ८२ सेंमी, त्यावर ट्रे, त्यावर ४७५ चा फ्रिज. झाकणाची कड १३० सेंमीच्या वर जाते. पाच फूट उंचीच्या माणसाला फ्रिजचा तळ दिसत नाही. खाली झुकणारे सांगाडे असतात, पण त्यांचंच वजन भारी. आम्ही ट्रे होता होईल तेवढा खाली ठेवायचं ठरवलं, आणि पुढची निम्मी डोकेदुखी या एका निर्णयातून आली. तरीही निर्णय बरोबरच होता.

१७ नोव्हेंबर : चुकीचे चॅनल

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून किचन ट्रॉलीचे ४५ मिमी उंचीचे टेलिस्कोपिक चॅनल आणले, ७०० लांबीचे. जोडीवर ४५ किलो लिहिलेलं. हिशेब असा केला की फ्रिज १९ आणि सामान २५, म्हणजे जमतं.

जमलं नाही. प्लायवूडच्या तुकड्यावर चॅनल लावून पाण्याचे कॅन ठेवले आणि पूर्ण बाहेर ओढलं. टोक २२ मिमी खाली आलं. तिसऱ्या वेळेला आत ढकलताना डावीकडच्या गोळ्यांची पट्टी निसटली आणि छर्रे अंगणभर पसरले. ट्रॉलीचा चॅनल सपाट जमिनीवरच्या कपाटासाठी असतो. गाडीत तोच भार खड्ड्यात क्षणभर तिप्पट होतो, आणि तोही दिवसातून शेकडो वेळा. १,१५० रुपये आणि एक दिवस गेला.

हवे होते ते ७६ मिमी उंचीचे, १९.१ जाडीचे, जोडीला २२७ किलोचे, आत आणि बाहेर दोन्हीकडे लॉक होणारे चॅनल. ऑनलाइन मागवले, ९,८०० रुपये. उंची वाचवायला हे चॅनल आडवे, सपाट लावायचा मोह होतो. लावू नका. लिहिलेली क्षमता उभ्या बसवलेल्या चॅनलची असते. आडवा लावला की ती जवळजवळ चौथाईवर येते.

२३ नोव्हेंबर : सांगाडा

भोसरीत ३ मिमी पत्र्याचे ८० × ५० चे एल-आकाराचे चार तुकडे वाकवून घेतले, दोन ७६० लांब, दोन ७२० लांब. वजन सगळं मिळून ९ किलोच्या आत. बाजारातला ७५ चा तयार अँगल वापरला असता तर जवळपास दुप्पट झालं असतं.

रचना साधी आहे. ७६० वाले दोन तुकडे गाडीला पक्के, त्यांचे पाय (एलची ५० ची आडवी बाजू) बाहेरच्या बाजूला. ते एकमेकांना ४० × ५ च्या दोन आडव्या पट्ट्यांनी जोडलेले. ७२० वाले दोन तुकडे ट्रेच्या बाजू, पाय आत. त्या पायांवर १८ मिमी प्लायवूड. दोन्हींच्या उभ्या भिंतींमध्ये चॅनल. असं केल्याने फ्रिज चॅनलच्या वर न बसता चॅनलच्या मध्ये बसतो आणि साठ-सत्तर मिमी उंची वाचते.

मापं : ट्रे आतून ४२०, बाहेरून ४२६. दोन चॅनलचे ३८.२ मिळवून ४६४.२. पक्क्या सांगाड्याचं आतलं अंतर ४६५ ठेवलं. उरलेलं पातळ पत्र्याच्या शिमने भरायचं.

प्लायवूड भवानी पेठेतून आणलं. त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का पाहून घ्या. आयएस ३०३ चं स्वस्त पडतं, पण फ्रिजखाली दव साठतं आणि पावसाळ्यात फाळक्यातून पाणी येतं. कडांना दोन हात पॉलियुरेथेन वार्निश.

२४ नोव्हेंबर : वेल्डिंगने ओढलं

आडव्या पट्ट्या टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारून बसवल्या, गुण्या लावला, दोन्ही कर्ण मोजले. फरक अर्ध्या मिमीचा. मग एका बाजूने सलग वेल्डिंग केलं. थंड झाल्यावर फाळक्याकडे ४६५, केबिनकडे ४६२. ट्रे शेवटच्या १५० मिमीत अडकायचा, जोर लावला की किंचाळत जायचा.

चॅनलच्या कामात एक मिमीही जास्त असतो. वेल्डिंगचे दोन टाके कापून पट्टी मोकळी केली. मग चॅनल आणि ट्रे जागेवर बोल्टने बसवून, ट्रे पूर्ण आत ढकललेल्या स्थितीत सगळं क्लॅम्प केलं, आणि २५ मिमीचे छोटे टाके आलटून पालटून, समोरासमोर मारले. दोन टाक्यांमध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ दिलं. या वेळी फरक ०.४. तो शिमने भरला. केबिनकडच्या बाजूची चॅनलची भोकं कानसीने लांबट केली, म्हणजे नंतर सरकवायला वाव राहतो. ही भोकं पहिल्यापासून लांबटच करून घ्यायला हवी होती.

वेल्डिंग करताना गाडी जवळ नव्हती, हे मुद्दाम लिहितो. हौद्यात बसवून वेल्डिंग करायचं झालंच तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

३० नोव्हेंबर : रिव्हनट फिरले

हौद्याच्या तळाला चार भोकं पाडून एम-८ (८ मिमी बोल्टचे) रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखे पत्र्यात एकाच बाजूने बसणारे नट, बसवले. खालून हात घालायची गरज नाही, वरूनच काम होतं, म्हणून ही पद्धत. चारातले दोन बोल्ट आवळताना नटासकट फिरायला लागले. हौद्याचा पत्रा पातळ, त्यात भोक जरा मोठं झालेलं, वर रंगाचा थर. फिरणारा रिव्हनट बाहेर काढणं हेच मोठं काम आहे : डोकं पकडीत धरून ड्रिलने कापावा लागला. दोन नटांना दोन तास.

त्यानंतर जोर किती येतो ते मोजलं. हे गणित भोकं पाडायच्या आधी करायचं होतं.

सामानासकट फ्रिज, ट्रे आणि चॅनलचा हलता भाग मिळून ६० किलो. ट्रे ७०० बाहेर आला की हा भार फाळक्याकडच्या बोल्टांच्या ४०० मागे जातो. केबिनकडचे बोल्ट फाळक्याकडच्या बोल्टांपासून ६४० वर आहेत. म्हणजे केबिनकडची जोडी ६० × ४०० ÷ ६४० = सुमारे ३८ किलोने वर उपसली जाते. इथपर्यंत ठीक. पण उघड्या ट्रेच्या टोकावर कुणी तरी रेलणार, हे नक्की धरा. ७० किलोचा माणूस ७६० अंतरावर आणखी ८३ किलो आणतो. एकूण १२० च्या वर, एका बोल्टला ६०. बोल्ट हे सहज सोसतो. पातळ पत्रा सोसत नाही, तो बोल्टभोवती फाटतो.

१ डिसेंबर : आरपार बोल्ट

स्टेपनी खाली उतरवली. खाली काय आहे ते टॉर्च लावून नीट पाहिलं : ब्रेकची नळी, मागच्या दिव्यांची वायरिंग, चासीचे आडवे दांडे. एक भोक आडव्या दांड्याच्या नेमकं वर येत होतं, म्हणून सांगाडा १८ मिमी उजवीकडे घेतला. हे आदल्या दिवशी पाहिलं असतं तर रिव्हनटची चारही भोकं बुजवावी लागली नसती.

आधी ४ मिमी ड्रिल, मग स्टेप ड्रिलने ९. कडा घासून झिंक स्प्रे, वर रंग. खालून प्रत्येक बोल्टला ५० × ५० × ४ ची पट्टी, मग एम-८ नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा). वर पीयू सीलंट.

एक गोष्ट सहज सुटते. हौद्याचा तळ सपाट नसतो, त्याला खाचा असतात. बोल्ट खाचेत आला तर आवळताना सांगाड्याचा पाय आणि पत्रा यांच्यामधली पोकळी दबते, पत्रा वाकतो आणि बोल्ट कधीच घट्ट होत नाही. खाचेच्या खोलीएवढे पाइपचे तुकडे कापून बोल्टवर ओवले. आवळणं २० न्यूटन-मीटर.

पासिंगच्या वेळी किंवा पूर्ण हौदा लागेल तेव्हा हेच चार नट काढून सगळा सांगाडा बाहेर येतो. दोन माणसं, पंचवीस मिनिटं.

७ डिसेंबर : फाळक्याला घासतो

रिकामा ट्रे झकास बाहेर आला. ६० किलो ठेवल्यावर टोक ८ मिमी झुकलं आणि ट्रेचा खालचा भाग उघड्या फाळक्याच्या लायनरला (आतल्या अस्तराला) घासला. ट्रेखाली फक्त १५ मिमी मोकळी जागा होती; लायनरच हौद्याच्या तळापेक्षा ९ मिमी वर. जागा मोजताना फाळका बंद होता, हीच चूक.

सांगाड्याच्या पायांखाली १२ मिमी नायलॉनच्या पट्ट्या घातल्या, बोल्ट १२ ने लांब आणले. फ्रिजचा तळ आता हौद्यापासून ४८ वर. पट्टी नायलॉनचीच घ्या. लाकडाची दबते आणि नट ढिले होतात.

फ्रिज ट्रेला बांधायला त्याच्या प्लास्टिकच्या मुठी वापरू नका, त्या हाताने उचलण्यापुरत्याच असतात. चार कोपऱ्यांना डी-कड्या आणि २५ मिमी रुंदीचे दोन रॅचेट पट्टे. पट्टा जाळीवरून जात नाही ना, ते पाहा.

८ डिसेंबर : वायर

सुरुवात आळसाने केली. केबिनमधल्या सिगारेट सॉकेटमधून दीड चौरस मिमीची वायर मागे नेली, सहा मीटर. फ्रिज चालू झाला, दोन तास चालला, आणि इंजिन बंद केल्यावर कमी व्होल्टेजचा कोड दाखवून थांबला. बॅटरीवर मोजलं तर १२.३ व्होल्ट. फ्रिजच्या प्लगवर, कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या क्षणी, ११.२.

वायर जाऊन येऊन १२ मीटर. दीड चौरस मिमी तांब्याचा रोध तेवढ्या लांबीत सुमारे ०.१४ ओहम. सुरू होताना फ्रिज ८ अँपिअर ओढतो, म्हणजे १.१ व्होल्ट वायरमध्येच गेला. फ्रिजचं बॅटरी-रक्षण 'हाय' वर होतं, ते ११.३ ला तोडतं. बॅटरी चांगली, फ्रिज चांगला, दोष वायरचा. असा कोड आला की बरेच जण रक्षण 'लो' वर टाकतात. त्याने फ्रिज चालतो खरा, पण सकाळी गाडी सुरू होत नाही.

तपकीर गल्लीतून ६ चौरस मिमीची बहुतारी वायर आणली. आता घट ०.२८. निगेटिव्हसुद्धा बॅटरीपासून वेगळी नेली, चासीवर सोडली नाही. पॉझिटिव्हला बॅटरीपासून १५ सेंमीच्या आत फ्यूज. वायर सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, चासीच्या आतल्या अंगाने, नळीत घालून, दर ३०० मिमीला टाय. हौद्यात शिरते तिथे रबरी ग्रोमेट. सॉकेटऐवजी ५० अँपिअरचा अँडरसन प्लग, कारण सिगारेट प्लग खराब रस्त्यावर सैल होतो आणि तापतो.

ट्रेसोबत हलणाऱ्या वायरसाठी केबल चेन, म्हणजे वायर आत धरून वळणारी कड्यांची साखळी. लांबीचं सूत्र : सरकण्याचं निम्मं अंतर अधिक ३.१४ गुणिले वळणाची त्रिज्या. आमचं ३५० + ११९, वर दोन कड्या, म्हणजे ५२० ची चेन. ती बसवली आणि ट्रे पूर्ण उघडायच्या आधीच ताठ झाली. कारण हे सूत्र चेनचं पक्कं टोक सरकण्याच्या मार्गाच्या मध्यावर असेल तरच लागू पडतं. आम्ही ते केबिनकडच्या टोकाला लावलं होतं. तिथेच ठेवायचं तर जादा कड्यांशिवायच ८२० लागली असती. टोक मध्यावर आणलं, प्रश्न सुटला.

१४ डिसेंबर : ताम्हिणी

मुळशीकडून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, पुढे आतले मातीचे रस्ते, मग परत. फ्रिजमध्ये ३० किलो पाण्याच्या बाटल्या. घरी येऊन सगळं उघडून पाहिलं.

लॉक : चॅनलच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी खिट्टी असते. उजवी नीट लागली नव्हती आणि ते बाहेरून कळत नव्हतं. चढावर गाडीचं तोंड वर असताना ट्रेचं वजन फाळक्याकडे येतं, आणि ते सगळं एका खिट्टीवर आलं. ट्रे थोडा तिरका होऊन खडखडत होता. दोन्ही खिट्ट्या ८ मिमी सळईने जोडल्या, आता एकत्रच उघडतात आणि एकत्रच लागतात. वर वेगळा टॉवर बोल्ट. बाहेरचं लॉकही तितकंच मोलाचं आहे : गाडी उतारावर तोंड खाली करून उभी असेल तर लॉक न झालेला ट्रे ६० किलोसकट हातावर परत येतो.

धूळ : चॅनलला ग्रीस लावलं होतं. कोकणातली तांबडी माती त्यात बसून सँडपेपरसारखी लापशी झाली. रॉकेलने धुऊन सुका पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे मारला. चॅनलवर ओलं काहीच नको. फाळक्याच्या तिन्ही कडांना डी-आकाराचं ईपीडीएम रबर लावलं.

नट : दोन नट एक-अष्टमांश फेरा ढिले. रंगाचा थर दबल्यामुळे. पुन्हा आवळून नट आणि पट्टीवर रंगाची सरळ रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. चॅनलचे लहान स्क्रू निळ्या लॉकटाइट २४३ ने (आटे ढिले होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाने) बसवले.

२१ डिसेंबर : दुसरी बॅटरी

एका रात्रीपेक्षा जास्त मुक्काम असेल तर गाडीच्या बॅटरीवर फ्रिज चालवू नये. हौद्यात १२.८ व्होल्ट, ६० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि ती गाडीच्या बॅटरीवरून भरणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला.

आणि इथे ६ चौरस मिमीची वायर वाया गेली. चार्जर २० अँपिअर देताना गाडीच्या बॅटरीकडून जवळपास २५ ओढतो. त्या वायरीत ०.८६ व्होल्ट पडतात. १० चौरस मिमी टाकली, घट ०.५२ वर आली, फ्यूज ४० चा. पुढे कधीतरी दुसरी बॅटरी घ्यायचा नुसता विचार जरी असेल तरी पहिल्याच दिवशी १० ची वायर ओढा. सगळे टाय कापून पुन्हा गाडीखाली झोपण्यात अख्खी सकाळ गेली.

आतापर्यंतचा खर्च, फ्रिज, बॅटरी आणि चार्जर सोडून : चॅनल ९,८००, पत्रा आणि वाकवणं १,६००, वेल्डिंग १,८००, प्लायवूड आणि वार्निश २,५००, नटबोल्ट, पट्ट्या, सीलंट १,४००, १० ची वायर, लग, फ्यूज, प्लग ३,३००, केबल चेन ४५०, रबर ७००. बेरीज २१,५५०. वाया गेलेलं वेगळं : ट्रॉलीचे चॅनल १,१५०, रिव्हनट २४०, ६ ची वायर १,३००.

१२ एप्रिल : उन्हाळा

बाहेर ३९ अंश, बंद कॅनोपीत ५१. फ्रिज ४ अंशावर ठेवायला दिवसाला ५२ अँपिअर-अवर लागले, म्हणजे बॅटरी चोवीस तासांत जवळजवळ संपते. जाळीसमोरची १२० मिमी जागा होती, पण तिथली हवा बाहेर जात नव्हती. फ्रिज स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढत होता. कॅनोपीच्या वरच्या कडेला १२ व्होल्टचा १२० मिमी पंखा बाहेर फुंकणारा लावला, समोरच्या बाजूची खिडकी दोन बोटं उघडी. पंखा पाव अँपिअर खातो. पंख्याचं धरूनही खर्च ४१ वर आला.

तळात ठेवलेली कोथिंबीर मात्र गोठली. भिंतीतल्या नळ्यांमुळे या फ्रिजचा तळ पडद्यावरच्या आकड्यापेक्षा चार-पाच अंश थंड असतो. तळाशी पाण्याच्या बाटल्या, वर भाजी आणि दूध. औषध किंवा जनावरांची लस न्यायची असेल तर वेगळा थर्मामीटर लसीच्या खोक्यातच ठेवा. लसीला २ ते ८ अंश लागतात, आणि खुरकुताची लस गोठली की टाकून द्यावी लागते.

गाडीत बसवल्यापासून चार महिन्यांत चॅनल एकदाही अडकले नाहीत. टोकाचा झोक मोजला, अजून ८ मिमीच. उजव्या खिट्टीची स्प्रिंग गंजायला लागली आहे, पावसाळ्याआधी स्टेनलेसची घालायची आहे.